आईसाठी गच्ची: हाताला आणि नाकाला कळणारी झाडं सुचवा

गच्चीवरची | २९ ऑक्टोबर, रात्री ९:४०

माझ्या आईला काचबिंदू आहे. डावा डोळा चार वर्षांपूर्वीच गेला, उजवा या पावसाळ्यात. आता उजेड आहे की अंधार, एवढंच तिला कळतं. वय ७४. वाईचं घर बंद करून ती दिवाळीच्या आधी माझ्याकडे पुण्याला राहायला आली.

वाईला तिचं अंगण होतं. इथे चौथ्या मजल्यावर घराला लागून १२ फूट बाय १८ फुटांची गच्ची आहे. पूर्व आणि दक्षिण बाजू मोकळी, सकाळी सातपासून दोनपर्यंत ऊन. क्रोटन, सॉंग ऑफ इंडिया, डिफेनबेकिया अशा कुंड्या मी हौसेनं लावल्या आहेत. सगळी रंगीत पानांची झाडं.

परवा सकाळी ती गच्चीत खुर्चीवर बसली होती. हात लांब करून तिनं क्रोटनचं पान चाचपलं, तोडून चुरगळलं, नाकाशी नेलं आणि खाली टाकलं. म्हणाली, "हे काही बोलत नाही गं."

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे. गच्ची सगळी नव्यानं लावायची. हात लावला की कळतील आणि वास देतील अशी झाडं हवी आहेत, साधारण वीस कुंड्या. काटे नकोत, विषारी काही नको. माझी यादी मोगरा, तुळस, गवती चहा आणि लाजाळू इथेच संपते. पुढची तुम्ही सांगा.

आघाडा | २९ ऑक्टोबर, रात्री १०:०५

बाकीचं नंतर. ती डिफेनबेकियाची कुंडी उद्या सकाळीच हलवा. तिच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पान चुरगळून बोट ओठाला लागलं तरी आग होते, जीभ सुजते. तुमच्या आईंना पान चुरगळून बघायची सवय आहे, म्हणून घाईनं लिहितोय.

चिकाची झाडंही टाळा. रुई आणि शेर तर अजिबात नकोत, त्यांचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. देवचाफ्याचाही चीक हाताला लागतो. त्या डोळ्यांत थेंब घालत असतील, म्हणजे बोटं रोज पापणीपाशी जाणार. कण्हेर आणि पिवळी बिट्टी मुळापासून फुलापर्यंत विषारी.

गच्चीवरची | २९ ऑक्टोबर, रात्री १०:२०

बापरे. आत्ताच उचलून जिन्यात ठेवली. थेंब दिवसातून दोनदा घालते ती, स्वतःच्या हातानं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मनापासून आभार.

गुटीकलम | ३० ऑक्टोबर, सकाळी ७:१५

ताई, माझी रोपवाटिका आहे, बावीस वर्षं झाली. लोक सुगंधी झाड मागायला येतात तेव्हा फुलांचं मागतात. तुमच्या कामाला मी पानांपासून सुरुवात करीन.

फुलाचा वास झाडाच्या वेळेनं येतो. मोगरा संध्याकाळी, प्राजक्त पहाटे, रातराणी रात्री, आणि तेही हंगामात. वर चौथ्या मजल्यावर वारा असला की अर्धा वास शेजाऱ्यांकडे जातो. पानाचं तसं नाही. तुळस, सब्जा, मरवा, पुदिना यांच्या पानांवर तेलाच्या अगदी बारीक पिशव्या असतात. बोट फिरवलं की त्या फुटतात आणि वास हाताला लागतो. वर्षातल्या कुठल्याही दिवशी, दुपारी दोनलासुद्धा. वारा तो नेऊ शकत नाही, कारण तो बोटांवरच असतो.

आता नेमकी झाडं सांगतो.

पानओवा आधी लावा. जाड, मऊ, लव असलेलं पान, मखमलीचा तुकडा धरल्यासारखं. वास ओव्याचा. फांदी खोचली की लागते. भर उन्हापेक्षा अर्ध्या सावलीत पान मोठं होतं. भजी करता येतात, तो वेगळा फायदा.

सुगंधी जिरॅनियम दुसरं. शोभेच्या फुलांचं नव्हे, तेलाचं. मऊ, कातरलेलं पान आणि गुलाबाचा वास. पावसाळ्यात मुळं कुजतात, म्हणून कुंडी छताखाली घ्या आणि दोन फाटे आधीच वेगळे लावून ठेवा.

कापूर तुळस: पान खरबरीत, वास थेट कापराचा. साध्या तुळशीपेक्षा उंच होते.

गवती चहा कोपऱ्यात लावा. त्याची पाती बुंध्याकडून टोकाकडे हात नेला तर गुळगुळीत लागते, उलटा नेला तर बोट कापते. आईंना ते माहीत असणारच, पण नातवंडं असतील तर त्यांना सांगा.

मरवा आणि दवणा थंडीचे. दवणा पेरायची वेळ आत्ताच आहे. बी धुळीसारखं बारीक असतं. दोन दिवस भिजवून, फडक्यात बांधून, कोंब दिसले की वाळूत मिसळून पसरायचं. चैत्रात ज्योतिबाला वाहतात तेव्हा तो तयार असतो.

एक महत्त्वाचं: रोपवाटिकेतून आणलेल्या झाडावर काय फवारलंय ते विचारा. मी स्वतः विकतो म्हणून सांगतो, बहुतेक ठिकाणी कीटकनाशक मारलेलं असतं. आणल्यावर पानं दोन-तीनदा धुवा आणि तीन आठवडे आईंच्या हाताशी ठेवू नका. नंतर कीड आली तर साबणाचं पाणी मारा. कडुनिंबाचं तेल चालतं, पण त्याचा वास आठवडाभर बाकी सगळ्या वासांवर बसतो.

कुळागर | ३० ऑक्टोबर, सकाळी ११:३०

गोव्यातल्या फोंड्याहून लिहितेय. ऑलस्पाइसचं झाड कुणी सुचवलं नाही! आमच्याकडे आणि सिंधुदुर्गात आता घरोघरी लावतात. कडक, चकचकीत पान. चुरगळलं की लवंग, दालचिनी आणि जायफळ एकदम. जमिनीत मोठा वृक्ष होतो, पण मोठ्या कुंडीत छाटत राहिलं तर वर्षानुवर्षं हाताच्या उंचीवर राहतं. आमच्याकडे ते पान पुलावात घालतात.

आणखी एक सुचवते. सगळंच कुंडीत असायला हवं असं नाही. सुरंगीचं झाड गच्चीवर होणार नाही, बकुळीचंही नाही. पण बकुळीची फुलं सुकली तरी वास सोडत नाहीत. आम्ही तिला ओंवळ म्हणतो. माझ्या आजीच्या कपाटात वर्षभर जुने सर असायचे. पसरट लाकडी परातीत सुकी बकुळ भरून आईंच्या खुर्चीशेजारी ठेवा. ओंजळ भरून घ्यायची आणि सोडायची. मधे भोक असलेली ती बारकी चक्रं बोटांतून घरंगळतात तेव्हा फार छान वाटतं. सुरंगी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येते. वेंगुर्ल्याजवळचं आसोली गाव सुरंगीचं. तिकडून कुणी येणार असेल तर एक वळेसर, म्हणजे सुरंगीचा गजरा, मागवा.

वऱ्हाडी माती | ३० ऑक्टोबर, दुपारी १:१०

वाळा लावा. इकडे उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांशिवाय घर थंड होत नाही. वर पातीला काही वास नाही, सगळा खजिना मुळात. जुन्या पिंपात लावला तर मुळं सरळ खाली जातात. दीड वर्षानं पिंप आडवं करून काढायचा, धुवायचा. ओली मुळं हातात घेतली की तो मातीचा गोड वास दोन दिवस जात नाही. माठात टाका, उशीत भरा. थोडे फुटवे ठेवून परत लावा.

मरवा आमच्याकडे मार्चनंतर जळतो. पुण्यात कदाचित टिकेल, दुपारची सावली द्या.

स्पर्शवाचक | ३० ऑक्टोबर, रात्री ८:५०

हा धागा मी स्क्रीन रीडरवर ऐकतोय. अकराव्या वर्षापासून मला दिसत नाही, आता ४६ आहे. घरी कुंड्या आहेत, सगळं मीच बघतो. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे, वीस झाडांची यादी तुम्ही करताय. आईंना विचारलंत का? वाईला त्यांच्या अंगणात काय होतं, ते त्यांच्या हाताला अजून आठवत असेल. मला गावच्या विहिरीजवळचं कामिनीचं झाड अजून उंचीसकट आठवतं. आईंना नवं झाड जसं हवं, तसं ओळखीचंही हवं असेल.

दुसरं, वीस झाडं एकदम आणू नका, चार आणा. डोळ्यांनी एका नजरेत वीस कुंड्या दिसतात. हातानं एकामागून एकच कळते, आणि नाक चार-पाच वासांनंतर थकतं. मग सगळं एकसारखं लागतं. तुळस, सब्जा, पुदिना, कापूर तुळस शेजारी-शेजारी ठेवली तर बोटांवर त्यांचा काला होतो. दोन तीव्र वासांच्या मधे बिनवासाचं पण वेगळ्या स्पर्शाचं झाड ठेवा: कोरफड, पानफुटी, कोंबडा. कोंबड्याचा तुरा हाताला गालिच्यासारखा लागतो, घडीघडीचा. पानफुटीच्या पानाच्या कडेला खाचा असतात. पान मातीवर ठेवलं की त्या खाचांमधून पिल्लं येतात. मी रोज सकाळी ती बोटानं मोजायचो.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: एकदा ठेवलेली कुंडी हलवायची नाही. झाडायलासुद्धा नाही. हलवली तर सांगून हलवायची. आमच्यासाठी कुंडीची जागा हेच तिचं नाव असतं.

खोडाबद्दल कुणी लिहिलं नाही. तुळस, सब्जा, पुदिना, मरवा, या सगळ्यांची कोवळी दांडी दोन बोटांत फिरवून बघा. चौकोनी असते, चार कडा लागतात. प्राजक्ताचीही कोवळी फांदी चौकोनी, आणि पान पॉलिशपेपरसारखं खरखरीत. हजार झाडांत प्राजक्त हातानं ओळखता येतो. लव्हाळ्याची, म्हणजे नागरमोथ्याची, फुलाची दांडी तिधारी. हे कळायला लागलं की तण काढता येतं. मी काढतो. झाडाला पाणी घालणं, तण काढणं, खुडणं, ही कामं आईंना करू द्या. बसून वास घ्यायला बाग किती वेळ पुरणार?

आणि काटे. तुमच्या यादीत 'काटे नकोत' आहे. मी आग्रह करत नाही. पण माझ्याकडे गुलाब आहे, काट्यांसकट. काटा कुठे असतो ते हाताला चार दिवसांत कळतं. गुलाब हवा की नको हे त्यांनी ठरवावं.

शेवंता | ३० ऑक्टोबर, रात्री ९:३०

स्पर्शवाचक, काट्यांचं मला नाही पटत. ७४ वर्षांच्या बाईंना मधुमेह असेल तर? लहान जखम चिघळते. घरच्यांनी काळजी घ्यायलाच हवी.

स्पर्शवाचक | ३० ऑक्टोबर, रात्री ९:४५

शेवंता, मधुमेह असेल तर तुमचं बरोबर. डॉक्टरांना विचारून ठरवावं. माझं म्हणणं इतकंच की तो प्रश्न आईंच्या समोर मांडावा, त्यांच्या मागे नको.

गच्चीवरची | ३१ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

रात्री झोप आली नाही. खरं आहे, मी तिला विचारलंच नाही. आज विचारते.

गच्चीवरची | ३१ ऑक्टोबर, रात्री १०:१५

विचारलं. चहाच्या वेळी बसले तिच्यापाशी आणि हा सगळा धागा वाचून दाखवला. नागरमोथ्याचं ऐकल्यावर ती हसायलाच लागली. "अगं, उटण्यात नागरमोथा असतो. वाईला मी गड्डे उपटायचे, तेव्हा हाताला दिवाळीचा वास यायचा." मला हे आयुष्यात ठाऊक नव्हतं. मी त्याला तण म्हणूनच ओळखते.

तिची यादी आली. गावठी गुलाब, तो गुलाबी, मोठ्या पाकळ्यांच्या गठ्ठ्याचा. मोगरा. दवणा. आणि शेवंती. शेवंती का, तर फुलापेक्षा तिला तिच्या पानाचा कडसर वास आवडतो, "हळदीकुंकवाच्या वेण्या करताना हाताला लागायचा तो." लाजाळू नको म्हणाली: "माझ्याशी लाजून काय करायचंय त्याला."

मधुमेह नाही. गुलाबावर अर्धा तास वाद झाला. ती जिंकली.

स्पर्शवाचक | ३१ ऑक्टोबर, रात्री १०:३०

आईंना माझा नमस्कार सांगा. लाजाळूबद्दल एवढंच: पान मिटतं ते बोटाला फार हलकं जाणवतं, पण देठ खाली पडतो तो नीट कळतो. नंतर कधी वाटलं तर. त्याला बारीक काटे असतात, हेही सांगा.

पलीकडची | १ नोव्हेंबर, सकाळी ५:२०

न्यू जर्सीहून. धागा वाचून ब्रुकलिन बोटॅनिक गार्डनमधली सुगंधी बाग आठवली. १९५५ मध्ये अ‍ॅलिस आयरिस या उद्यानरचनाकार बाईंनी खास दृष्टिहीन लोकांना डोळ्यासमोर ठेवून ती आखली. वाफे कमरेएवढे उंच बांधलेले आहेत, वाकावं लागत नाही, चाकाच्या खुर्चीवरूनही हात पोचतो. एका वाफ्यात हात लावायची झाडं, एकात वासाच्या पानांची, एकात सुगंधी फुलांची, एकात स्वयंपाकाची. ब्रेलमध्ये पाट्या आहेत. पानं चोळून बघा असं तिथे मुद्दाम सांगतात. बाकी सगळ्या बागांत हात लावू नका असं लिहिलेलं असतं, त्यामुळे मी पहिल्यांदा गेले तेव्हा पान चोळताना हात कचरत होता.

इथे लोक लॅम्ब्ज इअर नावाचं झाड लावतात. नावाप्रमाणेच कोकराच्या कानासारखं पान, पांढरी दाट लव. पुण्यात ते पावसाळ्यात सडेल, तिकडे तुमचा पानओवाच बरा. माझा कढीपत्ता आणि मोगरा ऑक्टोबर ते एप्रिल खिडकीत असतो. बर्फ पडत असताना कढीपत्त्याचं पान चुरगळते तेव्हा आई फोडणी करत असल्यासारखं वाटतं.

उंचीचा मुद्दा मात्र उचला. कुंड्या जमिनीवर ठेवू नका.

गुटीकलम | १ नोव्हेंबर, सकाळी ८:००

पलीकडची यांनी बरोबर सांगितलं. ताई, लोखंडी चौकटीचं टेबल करून घ्या, साधारण २८ इंच उंच, खाली गुडघे जातील असं. पण ओल्या मातीचं वजन भयंकर असतं. माती कमी, कोकोपीट आणि गांडूळखत जास्त घ्या. टेबलं गच्चीच्या मधोमध न ठेवता भिंतीला धरून, तुळईच्या अंगानं ठेवा. सोसायटीला आधी विचारून घ्या.

गुलाब आणि मोगऱ्याला १२ इंची कुंडी जमिनीवरच बरी. ती झाडं आपणहून हातापर्यंत येतात.

मोगऱ्याचं गणित: डिसेंबरात पाणी तोडा, जानेवारीत छाटा, पानं काढा, शेणखत द्या आणि मग पाणी सुरू करा. मार्चपासून कळ्या. बटमोगरा घ्या. कळी गोल, टणक असते, हाताला छान लागते.

निर्गंध | २ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

इथे कधी लिहीत नाही, नुसती वाचते. २०२१ मध्ये कोविडनंतर माझा वास गेला. पूर्ण. आईच्या हातची कढी कागदासारखी लागायची. सात महिने.

नाकाच्या डॉक्टरांनी वासाचा सराव सांगितला. थॉमस हुमेल या जर्मन डॉक्टरांच्या गटानं २००९ मध्ये हा सराव मांडला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, हे चार वास दिवसातून दोनदा, एकेक घ्यायचे, बारा आठवडे, आणि घेताना तो वास आठवायचा. मी कुपीतल्या तेलांबरोबर कुंड्याही वापरल्या. गवती चहा लिंबाच्या जागी, कारण दोघांत सिट्रल हे वासाचं द्रव्य असतं. लवंगेच्या जागी तुळस, दोघींत युजेनॉल हे द्रव्य. गुलाबासाठी तेच जिरॅनियम.

पहिला परत आला तो गवती चहा. पूर्ण लिंबासारखा नाही, जळक्या लिंबासारखा. मी गॅलरीत उभी राहून रडले. आता बहुतेक वास आले आहेत, कॉफी अजून विचित्र लागते.

आईंना एक सांगा. पान चुरगळण्याआधी डोळे मिटून तो वास मनात आणायचा आणि मग चुरगळायचं. डोळे मिटून असं सहज लिहून गेले, क्षमा करा.

गच्चीवरची | २ नोव्हेंबर, सायंकाळी ६:१०

निर्गंध, आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तिला सांग, मी अजूनही डोळे मिटूनच वास घेते."

गच्चीवरची | १७ डिसेंबर, रात्री ९:००

थोडी प्रगती, आणि एक चूक.

टेबल झालं. त्यावर डावीकडून पानओवा, कोरफड, जिरॅनियम, कोंबडा, मरवा. शेवटी दवण्याची पसरट कुंडी. खाली गुलाब आणि मोगरा. शेवंती फुलावरचीच आणली. गवती चहा कठड्याच्या कोपऱ्यात.

ओळखीसाठी काय करावं हा प्रश्न होता, कारण आईला ब्रेल येत नाही आणि या वयात शिकायचं नाही म्हणते. तिनंच उपाय काढला. कुंडीच्या काठाला सुतळी बांधायची, पानओव्याला एक गाठ, कोरफडीला दोन, असं. पण आठच दिवसांत तिला गाठींची गरजच उरली नाही.

आता चूक. गेल्या रविवारी फरशी धुताना मी गुलाबाची कुंडी दोन फूट सरकवली आणि परत ठेवायची विसरले. सोमवारी सकाळी ती नेहमीप्रमाणे गेली, हात पुढे केला. मी दारातून बघत होते. हात हवेतच राहिला. तिनं थोडा वेळ तसाच ठेवला, मग मागे घेऊन खुर्ची शोधायला लागली. काही बोलली नाही. त्या दिवशी पुन्हा गच्चीत गेली नाही.

स्पर्शवाचक, तुम्ही लिहिलेलं मी वाचलं होतं, तरी केलं. आता फरशीवर प्रत्येक कुंडीभोवती रंगानं वर्तुळं काढली आहेत, ती माझ्यासाठी.

स्पर्शवाचक | १७ डिसेंबर, रात्री ९:२५

माझ्या घरीही झालंय, अनेकदा. आईंना सांगा पुढच्या वेळी रागवायला.

आघाडा | १८ डिसेंबर, सकाळी ७:३०

वर्तुळांची कल्पना आमच्या घरी वापरतो. सासऱ्यांना अंधुक दिसतं.

गच्चीवरची | ९ एप्रिल, रात्री १०:४०

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून हिशेब देते.

रोझमेरी मी हट्टानं आणली होती, मेली. मरवा फेब्रुवारीअखेर उन्हानं वाळायला लागला, मग टेबलाखाली सावलीत नेला. आईला सांगून नेला. जिरॅनियमचे दोन फाटे लावलेत, पावसाळ्याची तयारी. बकुळ कुळागर यांनी पाठवली, किती आभार मानू. परात खुर्चीशेजारी आहे आणि शेजारची दोन मुलं रोज त्यात हात घालायला येतात.

दवणा पहिल्या पेरणीला उगवलाच नाही, बी जुनं होतं. दुसऱ्यांदा पेरला तो छान आला, राखाडी, पिसासारखा बारीक. चैत्रात आईनं स्वतः खुडला. वाईला ती दवणा विकतच घ्यायची, कधी लावला नव्हता. जुडी बांधून शेजाऱ्यांच्या हाती ज्योतिबाला पाठवली. दोन दिवस तिच्या पदराला तो वास होता.

गुलाबाचे काटे तिला टोचले, पहिल्या आठवड्यात तीनदा. आता नाही. फूल उमलल्याचं तिला सकाळी दारातूनच कळतं.

नागरमोथा मोगऱ्याच्या कुंडीत आलाय. शेणखतातून आला असावा. मी उपटायला गेले तर म्हणाली, "राहू दे एक, गड्डा मोठा होऊ दे. दिवाळीला काढू." बाकीचा ती स्वतः काढते. तिधारी दांडी शोधत बोटं मातीवरून फिरतात.

आणि मोगरा. काल संध्याकाळी पाच वाजता ती म्हणाली, "आज सतरा उमलतील." रात्री मी बॅटरी घेऊन मोजल्या. सोळा होत्या. सतरावी पानाखाली होती, मला दिसली नव्हती.

शेवंता | ९ एप्रिल, रात्री १०:५५

गुलाबाबद्दल मी अडले होते. वाचून बरं वाटलं. काकूंना एक विचाराल का? कळी आज उमलणार की उद्या, हे त्यांना हातानं कसं कळतं? मी डोळ्यांनी बघूनही चुकते, देवाला अर्ध्या कच्च्या तोडल्या जातात.

गच्चीवरची | १० एप्रिल, सायंकाळी ५:१५

शेवंता, आईला विचारलं. ती सांगतेय, मी टंकतेय:

"सकाळी बघायचंच नाही, सकाळी सगळ्या सारख्याच कडक लागतात. दुपारी चारनंतर हात लाव. आजची कळी पोट धरते आणि टोकाशी सैल होते, चिमटीत धरली तर किंचित दबते. उद्याची दबत नाही. देठाला ओढून तोडू नकोस, नख लावून खुड. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव, फ्रिजमध्ये नको. आणि सगळ्या तोडू नकोस गं, दोन झाडावर राहू देत. मी रात्री झोपताना दार उघडं ठेवते."